पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे?

गोव्यात एखाद्या परदेशी व्यक्तीवर हल्ला झाला किंवा तिचा खून झाला, की पुढचे पंधरा दिवस काय बोलले जाणार हे आता सर्वांना पाठ झाले आहे. किनाऱ्यावर दिवे नाहीत, पहाटेपर्यंत दारू मिळते, अमली पदार्थांना ऊत आला आहे, भाडेकरूंची नोंद नाही, आणि शेवटी हळूच, ‘पण त्या बाईने एवढ्या रात्री तिथे जायचेच कशाला?’ आखातात अडकलेल्या एखाद्या गोमंतकीयाची चित्रफीत मोबाईलवर फिरू लागली, की चर्चा दुसऱ्या अंगाने सुरू होते. एजंटाने फसवले, दूतावास झोपला, आणि पुन्हा शेवटी, ‘पण न वाचता सही करायचीच कशाला?’ या दोन्ही चर्चा अनेकदा एकाच घरात, त्याच माणसांमध्ये होतात. त्या एकमेकींना मात्र कधी भेटत नाहीत. माझ्या मते तो प्रश्न एकच आहे, आणि परदेशात शिकवायला गेलेल्या शिक्षकांकडे पाहिले की तो स्पष्ट दिसतो. परक्या देशात राहून शिकवणाऱ्या माणसाची सुरक्षितता रस्त्यावरच्या दिव्यांपेक्षा एका साध्या गोष्टीवर जास्त अवलंबून असते: आपल्यावर अन्याय झाला, तर नोकरी, खोली आणि व्हिसा न गमावता त्याला तक्रार करता येते का? ज्याला तशी तक्रार करता येत नाही, त्याला लुबाडणे किंवा छळणे स्वस्त पडते, आणि लुबाडणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

हा विचार गोव्याने करावा, याला कारण आहे. आपल्याकडे परदेशी माणूस येतो आणि आपला माणूस परदेशी होऊन जातो, या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात घडतात. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. त्यांत गोव्यातले किती संसार होते, हे बार्देश-साष्टीतल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे, ज्यांनी तो धरला ते आपल्याच वाड्यावर कायद्याने ‘परदेशी नागरिक’ ठरले आहेत. परदेशी म्हणजे केवळ हरमलच्या किनाऱ्यावर चटई घेऊन फिरणारा गोरा माणूस, ही समजूत निदान गोव्यात तरी टिकू नये.

सुरक्षिततेची चर्चा सहसा उपदेशावर येऊन थांबते. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा रेल्वेत आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, महागड्या वस्तू दिसू देऊ नका, असे सल्ले त्यांना देण्यात आले आणि आपण सर्वजण संतापलो. २०२१ मध्ये बाणावलीच्या किनाऱ्यावर अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा मुली रात्रभर किनाऱ्यावर कशा राहतात, असा प्रश्न आपल्याच मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत विचारला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मान डोलावली. उपदेश निरर्थक असतो असे मी म्हणत नाही. पावसाळी समुद्रात उतरू नये, हेल्मेट घालावे, हे सांगायलाच हवे. परंतु उपदेशाला एक मर्यादा आहे. तो अनोळखी माणसापासून वाचवतो, ओळखीच्या माणसापासून नाही. आणि परदेशात शिकवणाऱ्याला छळणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: शाळेचा मालक, वर्ग चालवणारा, घरमालक, किंवा यापैकी एकाचा भाऊ.

आखाताचे उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, डिचोलीची एम.एस्सी., बी.एड. झालेली मुलगी इथे वर्षानुवर्षे लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवून कंटाळली आणि आखातातल्या एखाद्या खासगी शाळेत विज्ञान शिकवायला गेली. तिचा निवास परवाना शाळेच्या नावाशी बांधलेला असतो. राहण्याची खोली शाळेची, सकाळी न्यायला येणारी बस शाळेची, आणि अनेकदा पासपोर्टही ‘सुरक्षित राहावा म्हणून’ शाळेच्या कपाटात. करारपत्र दोन भाषांत असते, दोन्ही मजकुरांत फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो, आणि तो तिला वाचता येत नाही. आता पर्यवेक्षकाने तिची छेड काढली किंवा तीन महिन्यांचा पगार अडकला, तर ती जाणार कुठे? मध्येच नोकरी सोडली, तर शाळा ती ‘फरार’ झाल्याची नोंद करू शकते. त्या एका नोंदीने तिचा निवास बेकायदा ठरतो आणि तक्रारदार असलेली बाई आरोपी बनते. ज्या पोलीस चौकीत ती छळाची तक्रार द्यायला जाईल, तिथेच तिला अडकवून ठेवले जाण्याची शक्यता असते. अशा बाईला ‘रात्री एकटी फिरू नकोस’ हा सल्ला काय कामाचा? तिला त्रास दिवसाउजेडी, शिक्षकांच्या खोलीत होतो आहे.

या व्यवस्थेला ‘कफाला’ म्हणतात. ती अगदी जशीच्या तशी राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. कतारने २०१५ च्या कायद्यात पासपोर्ट काढून घेणाऱ्या मालकाला पंचवीस हजार रियालपर्यंत दंड ठेवला आणि २०२० मध्ये नोकरी बदलताना आधीच्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. मात्र वारे सगळीकडे त्याच दिशेने वाहत नाहीत. गोव्याचे जुने नाते ज्या कुवेतशी आहे, तिथे १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कर्मचाऱ्याला देशाबाहेर पडण्यासाठी मालकाच्या संमतीचा परवाना लागू लागला आहे. नातेवाईक आजारी पडला तरी आधी मालकाच्या होकाराची वाट पाहायची, आणि मालकाशीच भांडण असेल तर काय करायचे, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे.

आपल्या सरकारची भूमिका इथे फारशी अभिमानास्पद नाही. १९८३ चा उत्प्रवास कायदा मुख्यतः कमी शिकलेल्या मजुराला डोळ्यांसमोर ठेवून राबवला जातो. दहावी न झालेल्या व्यक्तीला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्ताने तिचे करारपत्र कोणीतरी पाहते आणि दहा लाखांच्या प्रवासी भारतीय विमा योजनेखाली तिचा विमा उतरवणे सक्तीचे असते. दहावीच्या पुढे शिकलेला माणूस या सर्व कटकटीतून मोकळा, आणि त्याबरोबरच या सर्व संरक्षणातूनही मोकळा! शिक्षक तर व्याख्येनेच पदवीधर. तो शहाणा आहे, स्वतःचे पाहून घेईल, असे सरकारने गृहीत धरले आहे. परिचारिकांच्या बाबतीत हेच गृहीतक फसले, भरतीत लाखो रुपयांची लूट झाली, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनाही या देशांसाठी मंजुरी सक्तीची करण्यात आली आणि भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत वळवण्यात आली. शिक्षकांसाठी तसे काही झाले नाही. त्यांची फसवणूक बातमी होण्याइतकी मोठी नसते, एवढाच बहुधा त्यांचा दोष.

पासपोर्टाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भारतीय पासपोर्ट हा कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो; धारकाकडे तो नुसता वापरासाठी असतो. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांनाही नाही, तो पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा परदेशातली शाळा जो पासपोर्ट कपाटात ठेवते, ती भारत सरकारची वस्तू असते. गोव्यातही दुचाकी भाड्याने देणारा किंवा खोली देणारा परदेशी माणसाकडे ‘डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवा’ असे म्हणतो, तेव्हा तोही कुठल्यातरी सरकारची वस्तू गहाण घेत असतो. आपल्या मुलीचा पासपोर्ट मस्कतमध्ये कोणी ठेवून घेतला तर आपण त्याला गुलामगिरी म्हणतो. मांद्रेत तेच आपण व्यवहार म्हणून खपवून घेतो.

आता इकडे वळू. ऑक्टोबर ते मार्च या मोसमात हरमल, आश्वे, मांद्रे, आगोंद, पाळोळे इथे योग, नृत्य, संगीत, सर्फिंग शिकवणारे परदेशी लोक किती आहेत, हे डोळ्यांना दिसते. कॅफेच्या भिंतीवर, माडाच्या खोडावर, दुकानाच्या काचेवर त्यांच्या वर्गांचे कागद चिकटवलेले असतात. शिवोली-आसगावच्या बाजूला लहान मुलांच्या खासगी वर्गांत शिकवणारेही आहेत. यांपैकी काहीजणांचे कागद चोख असतात, काहीजणांचे नसतात. नसण्याचे कारण दर वेळी लबाडी असतेच असे नाही. पर्यटक व्हिसावर भारतात अल्पकालीन योगवर्गाला बसता येते. त्याच व्हिसावर योग शिकवून पैसे घेता येत नाहीत. रोजगार व्हिसा हवा, तर वर्षाला सव्वासोळा लाख रुपये पगाराची अट आहे. त्यातून इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, अनुवादक, आपापल्या देशाचा स्वयंपाक करणारे आचारी अशा काहींना सूट आहे. चार महिने सकाळ-संध्याकाळ आसने शिकवणाऱ्या बाईला त्या सूटीत जागा नाही आणि तेवढा पगार तिला कोणी देत नाही. म्हणजे ती सुरुवातीपासूनच कायद्याच्या बाहेर. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यात व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. दंड असणे मला गैर वाटत नाही. परंतु त्याच दंडाच्या आकड्याने वर्गाच्या मालकाच्या हातात केवढे हत्यार दिले, याचाही विचार झाला पाहिजे. ‘पोलिसांत जाशील? जा. तुझा व्हिसा दाखव.’ एवढी दोन वाक्ये पगार बुडवायला पुरतात. हात धरायलाही पुरतात.

छोट्या गोष्टीतही हेच दिसते. भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची स्कूटर स्वस्तात मिळते म्हणून घेतली, आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. चालवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर त्याचा स्वतःचा प्रवास विमाही बहुतेक वेळा कामाला येत नाही. मग कोपर फुटलेली बाई रुग्णालयात जाऊन ‘मी पडले’ असे खोटे कारण सांगते आणि धडक देणारा मोटारवाला सुखाने घरी जातो. खोली देणाऱ्याने परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ‘फॉर्म सी’वर कळवायची असते. ती कळवली, तर भाड्याचे उत्पन्न कागदावर येते, म्हणून काहीजण कळवत नाहीत. त्या बाईचे काही बरेवाईट झाले, तर ती त्या गावात राहत होती याचीच सरकारदरबारी नोंद नसते. नियम मोडला घरमालकाने, आणि अदृश्य झाली ती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बेकायदा काम करणाऱ्यांची एवढी काळजी कशाला. ते इथल्या शिक्षकांच्या पोटावर पाय देतात. आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. योग शिकवणाऱ्या स्थानिक मुलामुलींना किनारपट्टीत कमी पैसे मिळतात, हे मी अमान्य करत नाही. पण त्यांच्या पोटावर पाय येतो तो परदेशी शिक्षिका तक्रार करते म्हणून नव्हे. ती तक्रार करू शकत नाही, म्हणून मालकाला स्वस्त पडते, यामुळे. जिला फुकटात राबवता येते तीच सर्वांत स्वस्त मजूर असते. मालकाला दंड करा, वर्ग बंद करा, मोसम संपल्यावर तिला परत पाठवा. परंतु तिच्यावर झालेल्या मारहाणीची तक्रार वेगळ्या टेबलावर घ्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो गोव्याच्या अनुभवातून आलेला आहे. १९९१ मध्ये मडगाव परिसरात अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या माणसाचे प्रकरण उघडकीला आले; मुलांच्या लैंगिक शोषणात परदेशी पुरुष गुंतल्याचे निघाले, १९९६ मध्ये आश्रमवाल्याला जन्मठेप झाली आणि पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. मुलांना शिकवणाऱ्या परक्या माणसाकडे संशयाने पाहण्याचा अधिकार आपल्याला त्या मुलांनी मोजलेल्या किमतीतून मिळाला आहे. तो सोडू नये. मात्र जी अंधारी व्यवस्था प्रामाणिक शिक्षिकेला लपून राहायला लावते, तीच नराधमालाही लपायला जागा देते. मायदेशातून पोलिसांचा दाखला आणणे, संस्थेने नाव कळवणे, व्हिसाचा प्रकार योग्य असणे, यांतून आपली मुले सुरक्षित होतात आणि शिक्षकही. दोघांचे हित एकमेकांच्या विरुद्ध आहे, असे मानूनच आपण दोघांनाही उघड्यावर सोडले आहे.

तिसऱ्या आक्षेपाला वंशाचा वास आहे, आणि तो सभ्य भाषेत कोणी मांडत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा इथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला राष्ट्रीय महामार्ग अडवला. महामार्ग अडवणे चूकच होते. पण त्यानंतर गोव्यात चर्चा खुनाची झाली नाही. एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली, पर्रा पंचायतीने त्यांना घरे देऊ नयेत असा पवित्रा घेतला, आणि तेव्हा नायजेरियाच्या राजनैतिक अधिकाऱ्याने त्यांच्या देशात राहणाऱ्या भारतीयांची आठवण करून दिली. ती धमकी अशोभनीय होती, तरी हिशेब चुकीचा नव्हता. आफ्रिकेतल्या कित्येक शाळांत भारतीय शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या गणित शिकवले आहे. गोऱ्या माणसाच्या खुनाने पर्यटनाची चिंता वाटते आणि काळ्या माणसाच्या खुनाने घरभाड्याची, असे असेल तर तिथे सुरक्षिततेचे धोरण नाही, बाजारभाव आहे.

कायदा याबाबत आपल्या वृत्तीपेक्षा पुढे आहे. संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधले संरक्षण नागरिकापुरते नाही, ‘व्यक्ती’ला आहे. हावडा स्थानकावरच्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका बांगलादेशी महिलेला दहा लाखांची भरपाई कायम केली, ती याच आधारावर. १९६३ च्या वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना करारातले कलम ३६ अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क देते. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात भारताने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध नेमका हाच मुद्दा जिंकला. मात्र हे कलम आरोपीसाठी आहे. जिच्यावर गुन्हा झाला तिच्यासाठी त्यात फारसे काही नाही, आणि दूतावासाकडूनही तिला सहसा वकिलांची यादी मिळते, वकील नव्हे. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न काही देशांनी केले आहेत. अमेरिकेने २००० साली गुन्ह्याचा बळी ठरलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी ‘यू’ व्हिसा आणला, वर्षाला दहा हजारांची मर्यादा ठेवून. बेकायदा स्थलांतरितांविषयी अमेरिका किती कठोर आहे, हे वेगळे सांगायला नको. तरीही गुन्हेगार सुटू नये म्हणून तिथल्या कायद्याने ही खिडकी ठेवली.

गोव्याला व्हिसा देण्याचा अधिकार नाही, तो दिल्लीचा आहे. पण पोलीस राज्याचे आहेत. हल्ला, लैंगिक छळ, खंडणी, पगार बुडवणे अशा तक्रारी घेताना तक्रारदाराच्या व्हिसाची चौकशी त्याच बैठकीत होणार नाही, एवढा लेखी आदेश पोलीस महासंचालकांना काढता येईल. दिल्लीकडे मागायचे ते हंगामी शिक्षकांसाठी पगाराच्या वास्तव अटीचा व्हिसा, म्हणजे तो न घेणाऱ्याकडे सबब उरणार नाही. आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी राज्याचे अनिवासी भारतीय व्यवहार कार्यालय आहेच. शिक्षकाच्या करारपत्राची प्रत, दोन्ही भाषांतली, त्याने निघण्यापूर्वी तिथे ठेवावी आणि कार्यालयाने ती वाचून घ्यावी, याला नवा कायदा लागत नाही, अरबी जाणणारा एक माणूस लागतो.

सर्वांत अवघड भाग खटल्याचा आहे. २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर ब्रिटिश किशोरीचा मृतदेह सापडला, तेव्हा आधी बुडून मृत्यू अशी नोंद झाली. दुसऱ्या शवविच्छेदनात जखमा दिसल्या. २०१६ मध्ये आरोपी सुटले आणि उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवले ते २०१९ मध्ये. २०१७ मध्ये काणकोणात झालेल्या परदेशी तरुणीच्या खुनाचा निकाल लागायला २०२५ उजाडले. पर्यटक किंवा हंगामी शिक्षक असलेला साक्षीदार एवढी वर्षे इथे थांबत नाही, आणि आरोपीचा वकील नेमका त्याचाच हिशेब करतो. परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्य केले आहे आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेही त्याला मोकळी वाट दिली आहे. म्हापसा आणि मडगावच्या न्यायालयांत त्यासाठी राखीव खोली, रशियन आणि हिब्रू जाणणारे दुभाषे, आणि तक्रारदार देश सोडण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यासमोर तिचा जबाब नोंदवून घेण्याची सक्त मुदत, इतके झाले तरी ‘ती मोसम संपल्यावर जाणारच आहे’ हा आरोपीचा भरवसा उरणार नाही.